गर्भापासून पौगंडावस्थेपर्यंत : मुलाची वाढ कशी पाहावी, कशी नोंदवावी

आपल्याकडे गर्भारपणाचा काळ 'नऊ महिने नऊ दिवस' असा सांगतात, आणि हा लोकांचा हिशोब वैद्यकीय हिशोबाच्या अगदी जवळ जातो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अपेक्षित तारीख मिळते. हे एकूण २८० दिवस किंवा ४० आठवडे होतात. मूल जन्माला आल्यानंतर मात्र घरात मोजणी थांबते आणि तुलना सुरू होते. शेजारचे बाळ दहाव्या महिन्यात चालले, आपले अजून भिंत धरूनच उभे आहे. नणंदेची मुलगी दीड वर्षाची असताना घडाघडा बोलत होती, आपला मुलगा चारच शब्द बोलतो. अशा तुलनेतून विनाकारण काळजी वाढते, आणि दुसरीकडे जिथे खरोखर काळजी घ्यायला हवी तिथे 'याचे वडीलही उशिराच बोलले होते' असे म्हणून मौल्यवान महिने वाया जातात.

हा लेख या दोन्ही चुका टाळण्यासाठी आहे. वाढ म्हणजे जी फुटपट्टीने आणि काट्याने मोजता येते ती. विकास म्हणजे मूल जे करू लागते, समजू लागते, बोलू लागते ते. दोन्हींचा क्रम बहुतेक मुलांत सारखा असतो, वेळ मात्र प्रत्येकाची वेगळी असते. म्हणून मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी नव्हे, तर त्याच्याच मागच्या महिन्याशी करावी आणि प्रत्येक टप्प्याची शेवटची मर्यादा मात्र पक्की माहीत असावी.

आधी एक वही करावी

सरकारी आरोग्य केंद्रात गरोदरपणाची नोंदणी झाली की माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. त्यात लसीकरणाचा तक्ता असतो, मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी वेगवेगळे वाढीचे आलेख असतात आणि विकासाचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात. खाजगी रुग्णालयात जाणाऱ्यांनीही हे कार्ड अवश्य घ्यावे. त्याच्या जोडीला एक जाड वही ठेवावी. डाव्या पानावर मोजमापे लिहावीत : तारीख, वजन, लांबी किंवा उंची, पहिल्या दोन वर्षांत डोक्याचा घेर. उजव्या पानावर मूल त्या महिन्यात नवीन काय करू लागले, काय खाल्ले, कोणते आजारपण आले आणि मनात कोणती शंका आली ते लिहावे. डॉक्टरांसमोर बसल्यावर 'तसं बरंच काही करतो' एवढेच आठवते. वहीत मात्र 'नाव घेतल्यावर वळून पाहत नाही, तीन वेळा लक्षात आले' असे लिहिलेले असते, आणि निदानाला त्याचाच उपयोग होतो.

मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. दोन वर्षांपर्यंत मुलाला झोपवून लांबी मोजतात आणि त्यानंतर उभे करून उंची मोजतात. उभ्याने मोजलेले माप साधारण ०.७ सेंटीमीटरने कमी येते. त्यामुळे दुसऱ्या वाढदिवसानंतर 'उंची घटली' असे वाटले तर घाबरू नये.

गर्भधारणेच्या आधीचे तीन महिने

वहीचे पहिले पान दिवस गेल्यावर नव्हे, त्याच्या आधी सुरू व्हायला हवे, याचे कारण गर्भाच्या रचनेत आहे. ज्या नळीपासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ व्या दिवसापर्यंत मिटलेली असते. पाळी चुकल्याला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची तोवर खात्रीही झालेली नसते. ही नळी नीट मिटण्यासाठी फोलिक अॅसिड लागते. म्हणून मूल हवे असे ठरले की लगेच, शक्यतो तीन महिने आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड घ्यावे. त्याच काळात हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी, कोणती औषधे नेहमी चालू असतील तर ती गरोदरपणात चालतील का हे विचारावे, आणि तंबाखू, मिश्री, मद्य पूर्ण बंद करावे. मिश्री हेही तंबाखूच आहे, हे आपल्याकडे वेगळे सांगावे लागते.

गर्भाच्या हृदयाची धडधड गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच सुरू होते आणि आठ आठवड्यांत सर्व मुख्य अवयवांची मांडणी पूर्ण होते. त्या वेळी गर्भाची लांबी जेमतेम तीन सेंटीमीटर असते. पुढचे सात महिने मुख्यतः त्या मांडणीची वाढ आणि पक्वता होण्याचे असतात. त्यामुळे पहिल्या तिमाहीत स्वतःच्या मनाने एकही गोळी घेऊ नये, मग ती डोकेदुखीची असो की कोणी ओळखीच्याने दिलेला काढा असो.

चौथ्या महिन्यापासून बाळंतपणापर्यंत

दुसऱ्या तिमाहीपासून लोह आणि फोलिक अॅसिडची गोळी रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस घ्यायची असते. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही. लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घेतल्यास अधिक चांगले. प्रत्येक तपासणीत वजन, रक्तदाब, लघवी आणि हिमोग्लोबिन यांची नोंद वहीत उतरवून घ्यावी. किमान चार तपासण्या व्हायलाच हव्यात; सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा.

गर्भवतीने काय खावे यावर घरोघरी मते असतात, पण या बाबतीत महाराष्ट्राच्याच मातीतला एक अभ्यास मार्गदर्शक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी आणि बारीक होती, पण त्यांच्या अंगातली चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती; कमी होते ते स्नायू आणि अवयवांचे वजन. अशा बाळांना मोठेपणी मधुमेहाचा धोका जास्त संभवतो. त्याच अभ्यासात असेही दिसले की ज्या स्त्रिया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार घेत होत्या त्यांची बाळे अधिक भरलेली होती. म्हणजे केवळ 'दोन जिवांचे खावे' म्हणून भात आणि तूप वाढवण्याने भागत नाही. मेथी, चवळी, शेवगा, राजगिरा, डाळी, दूध-दही, आणि चालत असल्यास अंडी-मासे यांनी ताट भरावे. संपूर्ण शाकाहारी स्त्रियांनी जीवनसत्त्व ब-१२ तपासून घ्यावे, कारण त्याची कमतरता आपल्याकडे फार आढळते आणि ती आईच्या दुधावाटे बाळापर्यंत पोहोचते.

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात जाणवते. २८ व्या आठवड्यानंतर नेहमीच्या मानाने हालचाल स्पष्टपणे मंदावली तर सकाळ होण्याची वाट पाहू नये, त्याच वेळी रुग्णालयात जावे. सहाव्या महिन्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागते, आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज इतरांच्या आवाजातून ओळखते. म्हणून पोटातल्या बाळाशी बोलणे निरर्थक नाही. मात्र त्यासाठी महागडे 'गर्भसंस्कार' वर्ग लावावे लागतात असे मला वाटत नाही. आईला पुरेशी झोप, निर्धास्तपणा आणि घरात आदराची वागणूक मिळाली तर त्याचा बाळाला कितीतरी अधिक उपयोग होतो.

एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ३५ व्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या वेळी असते त्याच्या सुमारे दोन तृतीयांशच असते, आणि फुप्फुसे शेवटच्या आठवड्यांतच पुरती तयार होतात. त्यामुळे वैद्यकीय कारण नसताना केवळ मुहूर्त साधण्यासाठी किंवा सोयीसाठी ३९ आठवड्यांच्या आधी शस्त्रक्रिया करून बाळ जन्माला आणू नये.

पहिले अठ्ठावीस दिवस

जन्मल्याबरोबर बाळाला कोरडे करून आईच्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असे ठेवावे आणि पहिल्या तासातच स्तनपान सुरू करावे. सुरुवातीचे घट्ट पिवळसर चीकदूध पिळून टाकण्याची रीत अजूनही काही घरांत आहे. त्यात रोगांपासून संरक्षण करणारे घटक भरपूर असतात, आणि ते टाकणे म्हणजे बाळाचे पहिले लसीकरणच टाकून देण्यासारखे आहे. मधाचे बोट, साखरेचे पाणी, गुटी यांपैकी काहीही देऊ नये. मध तर पहिल्या वाढदिवसापर्यंत नकोच, कारण त्यातून एक दुर्मीळ पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते. काजळात शिसे असू शकते, आणि धुरीचा धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही. हलक्या हाताने तेल लावणे, अंगाई गाणे, आजीने मांडीवर घेऊन बोलणे या रीती मात्र जरूर जपाव्यात.

जन्माच्या वेळी वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर बाळ कमी वजनाचे समजतात. पहिल्या काही दिवसांत वजन दहा टक्क्यांपर्यंत घटते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे. 'दूध पुरत नाही' ही शंका आली की आधी काटा पाहावा, मग निर्णय घ्यावा.

या महिन्यात बाळाची तब्येत किती झपाट्याने बिघडू शकते आणि साध्या उपायांनी किती सावरता येते, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दाखवून दिले. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्यावर तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्यामागे हाच अनुभव आहे. त्यांना दारातूनच 'सगळं ठीक आहे' म्हणून परत पाठवू नये. बाळाचे वजन आणि तापमान त्यांना घेऊ द्यावे.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंगाला गार किंवा फार गरम लागू लागले, मलूल पडले, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेऊ लागले, श्वासागणिक छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, पहिल्याच दिवशी कावीळ दिसली किंवा कावीळ तळहात-तळपायांपर्यंत उतरली, तर तो घरगुती उपायांचा प्रसंग नव्हे. तडक रुग्णालय गाठावे.

जन्मानंतर दोन तपासण्यांचा आग्रह धरावा. एक, टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन केली जाणारी थायरॉइडची तपासणी. जन्मतः थायरॉइडची कमतरता असलेले बाळ दिसायला अगदी निरोगी असते, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत औषध सुरू झाले नाही तर बुद्धीची कायमची हानी होऊ शकते. दुसरी, श्रवणाची तपासणी; तिच्याविषयी पुढे बोलू.

पहिले वर्ष : मान धरण्यापासून पाऊल टाकण्यापर्यंत

बाळाच्या शरीरावरचा ताबा वरून खाली आणि मधून बाहेर असा येत जातो. आधी डोळे, मग मान, मग पाठ, मग पाय. तसेच आधी खांदा, मग हात, आणि शेवटी बोटांची चिमूट. हा क्रम डोळ्यांसमोर ठेवला की पाठ अजून सावरत नसलेल्या बाळाला वॉकरमध्ये उभे करणे का चुकीचे आहे ते आपोआप कळते. वॉकरमुळे चालणे लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. जमिनीवर अंथरलेली गोधडी हीच बाळाची उत्तम व्यायामशाळा आहे. जागे असताना आणि कोणीतरी जवळ असताना बाळाला रोज थोडा वेळ पालथे ठेवावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची नवी मानके प्रसिद्ध केली. ज्या सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवर ती आधारली आहेत त्यांत भारतही आहे. त्याच अभ्यासात हालचालींच्या टप्प्यांसाठी पाच देशांतील मुले पाहिली गेली तेव्हा दिसले की निरोगी मुले आधाराशिवाय बसू लागतात ती ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, आणि स्वतंत्रपणे चालू लागतात ती ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे दहाव्या महिन्यात चालणारे आणि सतराव्या महिन्यात चालणारे, दोन्ही मुले निरोगी असू शकतात. चार टक्क्यांहून थोडी अधिक मुले तर हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि थेट उभी राहिली. पण मर्यादाही तितक्याच पक्क्या आहेत : दोन महिने पूर्ण होऊनही बाळ चेहरा पाहून हसत नाही, चार महिन्यांनंतर मान सावरत नाही, नऊ महिने उलटूनही बसत नाही, दीड वर्षाचे होऊनही चालत नाही, तर तज्ज्ञांना दाखवावे.

बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर वय दुरुस्त करून मोजावे. समजा बाळ ३२ व्या आठवड्यात जन्मले. म्हणजे ते आठ आठवडे लवकर आले. सहा महिन्यांचे झाल्यावर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा ठेवावी. अशी दुरुस्ती दोन वर्षांपर्यंत करावी. लसी मात्र जन्मतारखेनुसारच द्याव्यात.

वजनाचा ढोबळ हिशोब असा : पाचव्या महिन्यात जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट. लांबी जन्मतः सुमारे ५० सेंटीमीटर असते आणि वर्षाला ७५ च्या आसपास जाते. कार्डावरच्या आलेखात मूल हिरव्या पट्ट्यात आहे एवढ्यावर समाधान मानू नये. रेषा वर जाते आहे, सपाट झाली आहे की खाली वळली आहे, हे अधिक महत्त्वाचे. बारीक अंगाचे पण आपल्या रेषेला धरून वाढणारे मूल निरोगी असू शकते, आणि गुटगुटीत दिसणाऱ्या मुलाची रेषा सलग दोन महिने सपाट राहिली तर कारण शोधावेच लागते. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण समजतात आणि मुलाला त्वरित उपचार लागतात.

रेषा सपाट होण्याची सर्वांत नेहमीची वेळ म्हणजे सहा ते बारा महिन्यांचा काळ, आणि तिचे नेहमीचे कारण पातळ आहार. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. त्यानंतर उष्टावण करून वरचे अन्न सुरू करावे. येथे बहुतेक घरांत वरणाचे पाणी, भाताची पेज, पातळ सूप असे पदार्थ दिले जातात. त्यांनी इवलेसे पोट भरते, पण उष्मांक आणि प्रथिने फारशी मिळत नाहीत. अन्न चमचा तिरपा केल्यावर ओघळून जाणार नाही इतके घट्ट असावे : कुस्करलेला वरणभात आणि वर तूप, नाचणीचे सत्त्व, मुगाची खिचडी, कुस्करलेले केळे, रताळे, शिजवलेले अंडे. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, त्यानंतर तीन-चार वेळा आणि मध्ये एखादे खाणे. मीठ-साखर वरून घालू नये. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे.

कान, नजर आणि पहिले शब्द

विकासाच्या सर्व अंगांपैकी बोलण्यात झालेल्या उशिराकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य ठरेल. बोलणे तोंडाने सुरू होत नाही, कानाने सुरू होते. ऐकू न येणारे बाळही पहिले काही महिने हुंकारते, त्यामुळे घरच्यांना संशय येत नाही; सहा-सात महिन्यांनंतर मात्र त्याचे आवाज वाढण्याऐवजी कमी होत जातात. म्हणूनच ऐकण्याची तपासणी पहिल्या महिन्यात, दोष आढळल्यास पक्के निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत, आणि श्रवणयंत्र व उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत असा दंडक आहे. घरात थाळी वाजवून केलेली परीक्षा पुरेशी नाही, कारण बाळ कंपनाने किंवा हाताच्या हालचालीनेही दचकते.

दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते, सहा ते नऊ महिन्यांत 'बाबाबा', 'दादादा' अशा ओळी सुरू होतात, वर्षाच्या आसपास अर्थासह पहिला शब्द येतो आणि दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'पाणी दे' अशी दोन शब्दांची जोडी जमते. या सर्वांइतकेच महत्त्वाचे म्हणजे बोट दाखवणे. वर्षभराचे मूल चंद्राकडे किंवा खिडकीतल्या कावळ्याकडे बोट दाखवते आणि आपण पाहिले की नाही हे आपल्या चेहऱ्यावर तपासते. त्या छोट्या कृतीत आपल्या मनातली गोष्ट दुसऱ्याच्या मनापर्यंत पोहोचवण्याची इच्छा असते, आणि भाषा त्याच इच्छेवर उभी राहते. बाराव्या महिन्यापर्यंत बडबड किंवा बोट दाखवणे नाही, सोळाव्यापर्यंत एकही शब्द नाही, चोविसाव्यापर्यंत दोन शब्दांची जोडी नाही, किंवा कोणत्याही वयात आधी येत असलेली गोष्ट मूल विसरू लागले, तर 'बोलेल हळूहळू' असे म्हणू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणी करतात आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. ही सेवा मोफत आहे.

घरात करायचे ते सोपे आहे. अंघोळ घालताना, भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना बाळाशी बोलावे, आणि बाळाने हुंकार दिला की थांबून त्याला उत्तर द्यावे. घरात मराठी आणि बाहेर हिंदी किंवा कानडी असेल तर भाषांनी गोंधळ होईल ही भीती नको. परदेशातल्या मराठी घरांनीही मुलाशी निःसंकोच मराठीतच बोलावे. जी भाषा आपल्या ओठांवर सहज येते तीच बाळाला भरभरून मिळते. दोन वर्षांच्या आतील मुलाला मोबाईल दाखवून जेवू घालू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये हेच सांगितले आहे : दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दूरच्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणे एवढाच अपवाद, दोन ते पाच वर्षे या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

एक ते सहा वर्षे : हट्ट, भातुकली आणि अंगणवाडी

दोन वर्षांपर्यंत मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे तीन चतुर्थांश होतो, शरीराची वाढ मात्र मंदावते. त्यामुळे भूकही कमी होते, आणि 'पहिल्यासारखे खात नाही' अशी तक्रार सुरू होते. आलेखाची रेषा ठीक असेल तर ताट घेऊन मुलाच्या मागे धावू नये. काय आणि कधी वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे हे मुलाने.

याच वयात हट्ट सुरू होतो. मुलाला हवे-नको कळते, पण ते सांगायला शब्द नसतात आणि स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग अजून फार कच्चा असतो. रस्त्यात लोळण घेणारे मूल आपल्याला जिंकायला निघालेले नसते. ते स्वतःच हरवलेले असते. अशा वेळी जवळ बसावे, त्याला इजा होणार नाही एवढे पाहावे, थोडक्या शब्दांत 'तुला राग आलाय' असे म्हणावे आणि ज्याला नाही म्हटले ते नाहीच ठेवावे. मारल्याने मूल गप्प होते, पण राग आवरायला शिकत नाही.

दीड-दोन वर्षांचे मूल रिकाम्या वाटीतून चहा पिऊ लागले की ते वस्तूच्या जागी कल्पना ठेवायला शिकले, हे ओळखावे. भातुकली हा पोरखेळ नव्हे. पुढचे वाचन, गणित आणि दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे या सर्वांची सुरुवात तिथे आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्यासह पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी, जे बालशिक्षण उभे केले, ते शिंपले, बिया, पाने, दगड अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर आधारलेले होते. मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यावी, या त्यांच्या विचारातून अंगणवाडी आली. त्या पाड्यांवर जे पुरले ते शहरातल्या फ्लॅटमध्येही पुरते, ही माझी ठाम समजूत आहे.

लिहिण्याची घाई करू नये. मूल साधारण तीन वर्षांचे झाल्यावर पाहून वर्तुळ काढते, चार वर्षांचे झाल्यावर अधिक चिन्ह आणि पाच-साडेपाचला त्रिकोण. ज्या बोटांना त्रिकोण जमत नाही त्यांच्याकडून 'क्ष' आणि 'ज्ञ' गिरवून घेतल्यास मुलाला फक्त नावड शिकायला मिळते. मटाराच्या शेंगा सोलू द्याव्यात, कणीक मळू द्यावी, रांगोळी चिमटीत धरू द्यावी. पेन्सिल धरण्याची ताकद तिथूनच येते.

लसींपैकी नवव्या महिन्याची आणि दीड वर्षांच्या सुमाराची गोवर-रुबेलाची लस चुकवू नये, आणि पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरील लसीचा) बूस्टर बहुतेक वेळा विसरला जातो, त्याची तारीख वहीच्या मुखपृष्ठावरच लिहून ठेवावी.

सहा ते दहा : शांत वर्षे

या वर्षांत उंची दरसाल पाच-सहा सेंटीमीटरने वाढते आणि वजन दोन-तीन किलोने. दर सहा महिन्यांनी एकदा मोजले तरी पुरे. वर्षाला चार सेंटीमीटरपेक्षा कमी वाढ झाली तर मात्र तपासणी करावी. मुलाची उंची साधारण किती होईल याचा अंदाज असा काढतात : आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करावी, मुलगा असल्यास त्यात १३ मिळवावेत, मुलगी असल्यास १३ वजा करावेत आणि दोनाने भागावे. वडील १७० आणि आई १५२ सेंटीमीटर असतील तर मुलासाठी १६७.५ आणि मुलीसाठी १५४.५ येतात, प्रत्यक्ष उंची याहून आठ-साडेआठ सेंटीमीटर कमी-जास्त असू शकते. हे गणित समजले की उंची वाढवणाऱ्या पावडरींवरचा खर्च वाचतो.

सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे, कोणताही दात न पडता, एक दाढ येते. ती दुधाची समजून दुर्लक्षित होते आणि किडते. प्रत्यक्षात ती आयुष्यभराची असते. डोळे शाळेत जाण्यापूर्वीच तपासावेत, कारण एका डोळ्याने कमी दिसणारे मूल तक्रार करत नाही आणि सात-आठ वर्षांनंतर आळशी डोळ्यावरचे उपचार कठीण होतात. हुशारीने बोलणारे मूल दुसरी-तिसरीपर्यंतही अक्षरे उलटसुलट लिहीत असेल, वाचताना अडखळत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. निदान झाल्यास महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षांत सवलती मिळतात.

दहाच्या पुढे

मुलींमध्ये बदलांची सुरुवात आठ ते तेरा या वयात कधीही होते, मुलांमध्ये नऊ ते चौदा या वयात. मुलीत पहिली खूण स्तनांची गाठ ही असते. तिच्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, आणि उंचीची झेप पाळीच्या आधी येते. पाळी सुरू झाल्यानंतर उंची सहसा पाच ते सात सेंटीमीटरच वाढते. मुलांत आधी वृषण मोठे होतात, आवाज फुटणे आणि मिसरूड फुटणे नंतरचे. त्यांची झेप मुलींपेक्षा सुमारे दोन वर्षांनी येते. म्हणूनच सातवीच्या वर्गात मुली उंच दिसतात. आठ वर्षांच्या आत मुलीत किंवा नऊ वर्षांच्या आत मुलात बदल दिसले, तसेच तेरापर्यंत मुलीत आणि चौदापर्यंत मुलात काहीच बदल दिसला नाही, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर तज्ज्ञांना भेटावे.

माहिती बदलांच्या आधी द्यायची असते. मुलीला पाळीविषयी नवव्या-दहाव्या वर्षीच सांगावे. रक्त दिसल्यावर आपल्याला काही भयंकर झाले असे तिला वाटू नये. पहिली दोन वर्षे पाळी अनियमित असू शकते आणि दोन पाळ्यांत २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. सात दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव झाला किंवा तीन महिने पाळी आली नाही तर दाखवावे. पाळीत तिला बाजूला बसवणे तिच्या मनाला जो धडा देते तो पुसायला फार वर्षे लागतात. मुलालाही कोणीतरी सांगायला हवे : झोपेत वीर्य बाहेर पडणे हा आजार नव्हे, त्याने अशक्तपणा येत नाही, काही मुलांच्या छातीला या वयात तात्पुरती सूज येते आणि ती बहुधा आपोआप जाते. हे घरी कळले नाही तर मुले मोबाईलवर शोधतात किंवा 'गुप्तरोग तज्ज्ञां'च्या भिंतीवरच्या जाहिराती वाचतात.

या झेपेच्या काळात लोहाची गरज फार वाढते. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंतनाशक गोळी घरच्यांनी आठवणीने घ्यायला लावावी. रक्तक्षय झालेली मुलगी थकते एवढेच नव्हे, तिचे लक्षही लागत नाही आणि गुण घसरतात. आपण तिला शिकवणी लावतो, जिथे आधी हिमोग्लोबिन तपासायला हवे होते.

भावना उसळवणारे मेंदूचे भाग या वयात जोरात काम करू लागतात, तर परिणामांचा विचार करून आवरणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. म्हणून एरवी समंजस असलेला मुलगा मित्र बरोबर असताना तिघांना घेऊन गाडी पळवतो. त्याला अक्कल नाही असे नसते. चारचौघांत ती वापरायला लागणारा लगाम अजून तयार झालेला नसतो. तो तयार होईपर्यंत थोडे, स्पष्ट आणि कारणांसह सांगितलेले नियम घरात असावेत. झोपेची वेळही शरीरातल्या बदलामुळेच पुढे सरकते, तरीही आठ ते दहा तास झोप लागतेच; रात्री मोबाईल सर्वांचाच, आई-वडिलांचाही, बाहेरच्या खोलीत ठेवावा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल गप्प राहिले, आवडीच्या गोष्टी सोडल्या, खाणे-झोप बिघडली, मरणाविषयी बोलू लागले किंवा स्वतःला इजा करू लागले, तर त्याला नाटक समजू नये. थेट विचारावे, विचारल्याने तशी कल्पना मनात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे, आणि मूल कोणत्याही संकटात किंवा अत्याचाराच्या छायेत असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. सरकारी रुग्णालयांतील 'मैत्री' क्लिनिकमध्ये किशोरवयीनांना समुपदेशन मिळते.

वहीचा प्रश्न येथे पुन्हा येतो. दहाव्या वर्षानंतर उजवे पान आई-वडिलांनी लिहू नये. मुलाने किंवा मुलीने लिहायचे असेल तर स्वतः लिहावे, आणि ते न विचारता वाचू नये. डाव्या पानावर उंची, वजन, हिमोग्लोबिन, पाळीच्या तारखा, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) लस एवढे राहू द्यावे. सोळाव्या वर्षीची लस टोचून झाली की कार्ड आणि वही दोन्ही मुलाच्या हाती द्यावी, आणि जन्मापासूनची पाने एकदा त्याच्यासोबत बसून वाचावीत. कोणत्या आजारपणात कोणते औषध चालले नाही, कोणत्या नातलगाला मधुमेह किंवा थायरॉइड आहे, हे त्याच वेळी त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे.